गोणपाटावरच्या न उगवलेल्या दाण्यांसाठी एक रकाना हवा

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे;
महाराष्ट्र राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणा, अकोला;
आणि राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांचे वनस्पती रोगशास्त्र विभाग

विषय : बियाण्यासोबत येणाऱ्या सूक्ष्मजीवांची, आणि त्यांच्या परस्परसंबंधांची, नोंद घेण्याबाबत

सादर नमस्कार.

मे महिना सरत आला की आपल्या खात्याचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) गावोगावी घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता तपासण्याची प्रात्यक्षिके घेतात. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडायचे, त्यावर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करायची, ती सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचे आणि सहाव्या-सातव्या दिवशी उघडून निरोगी कोंब मोजायचे. ७० निघाले तर एकरी ३० किलो बियाणे पेरायचे, कमी निघाले तर त्या प्रमाणात वाढवायचे. ही साधी चाचणी मी अनेक वर्षे पाहत आणि शिकवत आलो आहे. तिने कित्येक शेतकऱ्यांना दुबार पेरणीच्या संकटातून वाचवले आहे, म्हणून तिच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु कोंब मोजून झाले, आकडा वहीत उतरला, की न उगवलेले ३० दाणे गोणपाटासकट उकिरड्यावर झटकले जातात. हे पत्र त्या ३० दाण्यांविषयी आहे.

ते दाणे जवळून पाहिले तर त्यांतले फार थोडे नुसतेच निपचित पडलेले असतात. एखाद्यावर पांढरा कापूस चढलेला असतो, एखाद्यावर हिरवट पिवळी भुकटी, एखाद्यावर काळी पूड. काही दाणे बोटाने दाबले की चिकट पाणी सुटते आणि आंबूस वास येतो, म्हणजे तेथे बुरशीऐवजी जिवाणूंचे काम झालेले असते. काही दाण्यांवर दोन रंगांच्या बुरशा शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्या मध्ये एक स्वच्छ रेघ सुटलेली असते, शेताच्या धुऱ्यासारखी. ज्याने प्रयोगशाळेत काचेच्या बशीत बुरशी वाढवली आहे त्याला ही रेघ ओळखीची आहे. तेथे एकाने दुसऱ्याला अडवलेले असते. ही रेघ पाहण्यासाठी आपण कोठेही जागा ठेवलेली नाही, आणि ती ठेवावी एवढीच माझी मूळ विनंती आहे.

मी वनस्पती रोगशास्त्राचा निवृत्त अध्यापक आहे आणि हिंगोली जिल्ह्यात घरची शेती पाहतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला, तेव्हा आमच्या भागातले सोयाबीन उभ्या पिकात आणि सुडीत, दोन्हीकडे भिजले. पुढच्या खरिपात, २०२० मध्ये, बियाणे उगवले नसल्याच्या तक्रारींचा पूर आला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, हे आपणांस माहीत आहेच. त्या जून-जुलैमध्ये आमच्या परिसरातल्या काही पाहणींना मी शेतकरी म्हणून उपस्थित होतो. पेरणी किती खोल झाली, पाऊस किती होता, पिशवीवर उगवणशक्ती किती लिहिली होती, हे सारे काळजीपूर्वक लिहून घेतले गेले. मातीतून उकरून काढलेले दाणे मात्र कोणी भिंगाखाली धरले नाहीत. भिजलेल्या शेंगेतून दाण्यासोबत काय आले आणि मातीत गेल्यावर त्याचे काय झाले, हा प्रश्न त्या संपूर्ण वादात विचारलाच गेला नाही. कोणी हलगर्जीपणा केला असे मी म्हणत नाही. छापील नमुन्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

बियाणे म्हणजे भ्रूण, त्याची शिदोरी आणि वरचे टरफल, असे आपण शाळेपासून शिकतो. प्रत्यक्षात प्रत्येक दाणा आपल्यासोबत लहानशी वस्ती घेऊन येतो. या वस्तीतले काही रहिवासी आईच्या, म्हणजे मातृवनस्पतीच्या, रसवाहिन्यांतून दाण्यात उतरलेले असतात, काही फुलोऱ्याच्या वेळी परागकणांसोबत, कीटकांसोबत किंवा वाऱ्याने आत गेलेले असतात, आणि बरेचसे शेंग वाळताना, खळ्यावर, मळणीयंत्रात आणि पोत्यात चिकटलेले असतात. हा फरक व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. गव्हाच्या काजळीची बुरशी फुलातून शिरून थेट भ्रूणात झोपते, त्यामुळे दाणा वरून कितीही धुतला तरी ती जात नाही. तिला आंतरप्रवाही औषध किंवा नेमक्या मापाची उष्णताच लागते. ज्वारीच्या दाणे काणी या बुरशीरोगाचे बीजाणू मात्र दाण्याच्या पाठीवर बसून येतात, म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळले की भागते. बाजरीच्या अरगट या रोगाच्या बुरशीच्या कडक पेशीगाठी तर दाण्यापेक्षा हलक्या असतात, आणि १० लिटर पाण्यात २ किलो मीठ घातलेल्या द्रावणात त्या तरंगून वर येतात. आपल्या जुन्या शिफारशींमध्ये शत्रू कोठे बसला आहे याचे हे ज्ञान पक्के आहे. उणीव एकच आहे : शत्रू एकटा बसला आहे, असे त्यांत गृहीत धरलेले आहे.

तो एकटा नसतो. जगभरातल्या ५० वनस्पतींच्या बियाण्यांवरील अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये जे चित्र पुढे आले, त्यात पँटोइया आणि स्यूडोमोनास हे जिवाणू आणि अल्टरनेरिया आणि क्लॅडोस्पोरियम या बुरशा निरनिराळ्या पिकांच्या दाण्यांवर पुन्हा पुन्हा भेटतात. मातीच्या तुलनेत दाण्यावरची वस्ती फार लहान असते, आणि एकेका दाण्यावर बहुधा एखाद्याच जातीचे वर्चस्व असते. शेजारच्या दाण्यावर ते दुसऱ्याच जातीचे असू शकते. जागा थोडी, अन्न थोडे आणि जो आधी येईल त्याचा ताबा, अशी ही स्थिती आहे. म्हणूनच दाण्यावरच्या सूक्ष्मजीवांचे आपसांतले नाते त्या रोपाच्या आरोग्याच्या दृष्टीने निर्णायक ठरू शकते.

आपल्या सोयाबीनचेच उदाहरण देतो, कारण यावर मला थोडे थांबायचे आहे. सोयाबीनच्या दाण्यावर जांभळा डाग दिसतो, तो सर्कोस्पोरा किकुची या बुरशीचा. असा दाणा बाजारात कमी भावाने जातो आणि बीजोत्पादनात तो निवडून टाकला जातो, ते योग्यही आहे. ओल्या हंगामात शेंगेतून दाण्यात शिरून तो आतून कुजवणारी दुसरी एक बुरशी आहे, फोमॉप्सिस. तिचा डाग जांभळ्यासारखा ठळक नसतो. दाणा सुरकुततो, तडकतो, फार तर खडूसारखा पांढरट होतो, आणि पुष्कळदा वरून धड दिसूनही उगवत नाही. के. डब्ल्यू. रॉय आणि टी. एस. ॲब्नी या संशोधकांनी १९७७ मध्येच अमेरिकेतील सोयाबीनवर दाखवून दिले की जांभळ्या डागाची बुरशी दाण्यावरच्या इतर बुरशांना विरोध करते. जेथे ती असते तेथे इतरांना सहजासहजी शिरकाव मिळत नाही. म्हणजे डोळ्यांना खुपणारा रोगट दाणा एका अर्थी राखलेला असतो, आणि डाग नसलेला देखणा दाणा आतून पोखरलेला असू शकतो. यावरून जांभळे दाणे पेरावेत असा निष्कर्ष कोणी काढू नये. ती बुरशी पुढे पानांवर करपा आणते. पण डोळ्यांनी निवड केलेल्या बियाण्याच्या ढिगात आपण नेमके काय निवडले आणि काय उरू दिले, याचा विचार करायला ही एक गोष्ट पुरेशी आहे.

मक्यातही असेच एक नाते आहे. सॅरोक्लॅडियम झी नावाची बुरशी मक्याच्या दाण्यात राहते आणि रोपाला फारसा उपद्रव न देता पायरोसिडीन नावाची प्रतिजैविके तयार करते. ही प्रतिजैविके ॲस्परजिलस फ्लेव्हसला आणि मक्याची कणसे कुजवणाऱ्या फ्युजॅरियमला रोखतात. ॲस्परजिलस फ्लेव्हस म्हणजे भुईमूग आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी. ज्या दाण्यावर ती फोफावते तो केवळ बियाणे म्हणून निकामी होत नाही, तो खाणाऱ्याच्या यकृतालाही धोका असतो. अफ्लाटॉक्सिनविरुद्ध सध्या जगात जे उपाय यशस्वी मानले जातात, त्यांतला एक या शेजाराच्याच तत्त्वावर उभा आहे : विष न करणाऱ्या ॲस्परजिलस फ्लेव्हसचे वाण शेतात आधी सोडायचे, म्हणजे विष करणाऱ्या वाणांना जागाच उरत नाही.

जिवाणूंचे काम याहूनही बारीक असते. दाणा ओल्या मातीत पडला की काही तासांत त्यातून साखर, अमिनो आम्ले आणि मेदाम्ले बाहेर पाझरू लागतात, आणि दाण्याभोवतीच्या काही मिलिमीटर मातीत एकदम गजबज सुरू होते. रोपे कोलमडवणारी पिथियम ही बुरशीसदृश सूक्ष्मजात मातीत सुप्त पडून असते आणि या पाझरातल्या लिनोलिक आम्लासारख्या मेदाम्लांच्या चाहुलीने जागी होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात एरिक नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापूस आणि काकडीच्या बियाण्यांवर अभ्यास करून दाखवले की बियाण्यावर एंटेरोबॅक्टर क्लोअके हा जिवाणू असेल तर तो ही मेदाम्ले आधीच पचवून टाकतो. पिथियमला हाक ऐकूच जात नाही, ती झोपलेलीच राहते आणि रोप वाचते. येथे कोणी कोणाला मारलेले नाही, कोणतेही विष वापरलेले नाही. आपल्या प्रयोगशाळांत जैविक घटकांची निवड करताना बहुधा बशीत दोन सूक्ष्मजीव समोरासमोर ठेवून कोण कोणाला मारतो हेच पाहिले जाते. असा जिवाणू त्या परीक्षेत नापास झाला असता, हे विद्यापीठांतील माझ्या सहकाऱ्यांनी कृपया ध्यानात घ्यावे.

आणि भाताचे उदाहरण बीज प्रमाणीकरण यंत्रणेने मुद्दाम वाचावे असे आहे. चीनमधील झेजियांग विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की भाताच्या एकाच वाणाची काही रोपे बर्कहोल्डेरिया प्लांटारी या जिवाणूमुळे होणाऱ्या रोपकरप्याला बळी पडतात आणि काही पडत नाहीत. वाण एकच, रोग एकच, तरी फरक का? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार टिकून राहणाऱ्या रोपांच्या बियाण्यांत स्फिंगोमोनास मेलोनिस हा जिवाणू साठत गेलेला होता, आणि तो एका पिढीतून पुढच्या पिढीच्या बियाण्यात उतरत होता. हा जिवाणू अँथ्रानिलिक आम्ल तयार करतो आणि त्यामुळे रोगकारक जिवाणूची विषे तयार करण्याची यंत्रणाच विस्कळीत होते. रोगाला बळी पडणाऱ्या रोपांना हा जिवाणू दिला तेव्हा तीही टिकाव धरू लागली. आपण बियाण्याची ओळख वाण, वर्ग आणि लॉट क्रमांक यांवरून करतो. या अभ्यासाने दाखवून दिले की एकाच वाणाचे दोन लॉट रोगाच्या बाबतीत सारखे असतीलच असे नाही, आणि त्यांतला फरक वनस्पतीच्या जनुकांबाहेर, तिच्या सोबत्यांत असू शकतो. बीजोत्पादनाचे क्षेत्र कोठे घेतले, त्या शेतात आधी काय होते, पीक पक्व होताना पाऊस पडला का, या गोष्टी मग केवळ प्रशासकीय नोंदी राहत नाहीत.

आता मला एक मर्यादाही मोकळेपणाने सांगितली पाहिजे, कारण ती लपवली तर बियाण्यावरच्या जिवाणूंच्या नावाने अवास्तव दावे करणारी उत्पादने बाजारात यायला वेळ लागणार नाही. रोप वाढू लागले की त्याच्या मुळांवरची बहुसंख्य वस्ती मातीतून आलेली असते. घेवडा आणि मुळ्यावरच्या प्रयोगांत हेच दिसले की बियाण्यासोबत आलेल्यांपैकी थोडेच रोपावर टिकतात. बियाण्याच्या सोबत्यांचा खरा अंमल पहिल्या काही दिवसांचा असतो. पण सोयाबीनच्या, भुईमुगाच्या किंवा हरभऱ्याच्या पेरणीत तेच काही दिवस कसोटीचे असतात. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली, कोंब जमिनीखाली अडकून पडला, की दाणा आणि त्यावरची बुरशी यांच्यातली शर्यत लांबते आणि त्यात बुरशी जिंकते, हे प्रत्येक कोरडवाहू शेतकऱ्याने पाहिलेले आहे.

या पार्श्वभूमीवर आपण बीजप्रक्रियेचा, म्हणजे पेरणीपूर्वी बियाण्याला औषधे आणि संवर्धके चोळण्याचा, जो सल्ला देतो त्याकडे पाहावे, अशी विनंती आहे. सल्ला असा : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू संवर्धक. सोयाबीनला थायरम किंवा कार्बोक्सिन आणि थायरमचे मिश्रण किलोला ३ ग्रॅम. त्यानंतर १० किलो बियाण्याला रायझोबियमचे, म्हणजे मुळांच्या गाठींत हवेतला नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचे, २५० ग्रॅमचे पाकीट गुळाच्या पाण्यातून. आणि शिवाय ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशांना रोखणारी मित्रबुरशी किलोला ४ ते ५ ग्रॅम. यांतली प्रत्येक शिफारस स्वतंत्रपणे प्रयोगांवर आधारलेली आहे. पण एकाच दाण्यावर ती सगळी एकत्र आली की काय होते? कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ट्रायकोडर्माला अत्यंत घातक आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या प्रयोगवहीतसुद्धा सापडेल. थायरमही ट्रायकोडर्माच्या वाढीला अडवते, आणि रायझोबियमचे जिवाणू त्याच्या संपर्कात घटतात. खत नियंत्रण आदेशानुसार रायझोबियमच्या भुकटीत एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. ट्रायकोडर्माच्या भुकटीतही एका ग्रॅममधील जिवंत घटकांची किमान संख्या ठरलेली आहे, २० लाख. ही संख्या पाकिटात मोजली जाते. रंगीत औषध चढवलेल्या दाण्यावर, पेरणीच्या तिफणीतून मातीत पडेपर्यंत, त्यातले किती जिवंत राहिले, हे कोठेही मोजले जात नाही. प्रमाणित बियाण्याची पिशवी पुष्कळदा आधीच औषध लावलेली असते. शेतकरी ती घरी आणतो, त्यावर मनोभावे ट्रायकोडर्मा चोळतो, आणि उपयोग झाला नाही की जैविक शेतीला दोष देतो. त्याचा पैसा गेला, आणि एका चांगल्या घटकावरचा त्याचा विश्वासही गेला. मला दुसऱ्या नुकसानाची अधिक चिंता वाटते.

रासायनिक बीजप्रक्रिया बंद करा, असे मी मुळीच म्हणत नाही. ज्या वर्षी शेंगा पावसात भिजल्या आणि गोणपाटावर निम्मे दाणे कापसाने भरले, त्या वर्षी थायरम लावणेच शहाणपणाचे आहे, आणि मी स्वतः ते लावले आहे. पण कोरड्या, उन्हाळी हंगामात घेतलेल्या निरोगी बियाण्यालाही डोळे झाकून तेच औषध लावले, तर शत्रू फारसा नसलेल्या घरातले राखणदार आपण हाकलून देतो. दाण्यावरची जागा रिकामी राहत नाही. मातीत पहिला जो कोणी पोहोचेल तो ती घेतो, आणि तो पिथियमही असू शकतो. कापसाच्या सरकीवरील तंतू काढण्यासाठी तीव्र गंधकाम्ल वापरतात, कोबीच्या काळ्या कुजीसाठी बियाणे ५० अंश सेल्सियसच्या पाण्यात अर्धा तास बुडवतात. दोन्ही उपाय आवश्यक आहेत, आणि दोन्हींनी बियाण्याची पाठ मोकळी होते. अशा मोकळ्या बियाण्यावरच निवडक मित्र सूक्ष्मजीव लावणे सर्वांत फलदायी ठरावे, कारण तेथे त्यांना स्पर्धा नसते. तेव्हा रसायन की जैविक हा वाद बाजूला ठेवून, कोणत्या लॉटवर आज कोण राहतो आहे, हे पाहून प्रक्रिया ठरवावी. आणि तेच आपल्याला आज सांगता येत नाही, कारण आपण ते पाहत नाही.

पाहण्याचे तंत्र नवे नाही, महागही नाही. ४०० दाणे ओल्या टिपकागदावर ठराविक अंतराने मांडून सात दिवस नियंत्रित तापमानात आणि बारा-बारा तासांच्या प्रकाश-अंधारात ठेवायचे आणि मग भिंगाखाली एकेक दाणा तपासायचा, ही टिपकागद पद्धत आमच्या पिढीने विद्यार्थिदशेत शिकली. जनुकीय तपासण्या आल्या, त्यांचे स्वागतच आहे, पण त्या बहुधा दाण्यांचे पीठ करून सरासरी सांगतात. टिपकागदावर प्रत्येक दाणा वेगळा राहतो, आणि कोण कोणासोबत राहतो व कोण कोणाला जवळ येऊ देत नाही हे वेगळ्या दाण्यांतच दिसते. आजवर आपण या चाचणीतून फक्त ‘अमुक बुरशी इतके टक्के’ एवढेच लिहून घेत आलो. तेच कागद, तेच दाणे, तेच सात दिवस. फक्त नोंद दाण्यागणिक केली तर कोणत्या दोन बुरशा एकत्र आढळल्या, कोणती असताना दुसरी कधीच दिसली नाही, आणि कोणत्या जोडीच्या दाण्यांनी कोंब दिला, हे सारे त्याच श्रमात हाती लागेल. रॉय आणि ॲब्नी यांना १९७७ मध्ये जे सोयाबीनमध्ये दिसले ते मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या दाण्यांवर, आपल्या वाणांवर, आपल्या पावसात तसेच आहे का, हे आपल्याला आपणच पाहावे लागेल.

म्हणून माझी विनंती अशी. पुणे, नागपूर आणि परभणी येथील बीज परीक्षण प्रयोगशाळांमध्ये उगवणशक्तीसाठी येणाऱ्या सोयाबीन, भुईमूग आणि हरभऱ्याच्या नमुन्यांपैकी काही नमुने दरवर्षी टिपकागदावर ठेवले जावेत, त्यांची नोंद दाण्यागणिक व्हावी, आणि जिल्हावार निष्कर्ष पेरणीपूर्वी, निदान मे महिन्याच्या मध्यापर्यंत, जाहीर व्हावेत. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवणीची अट आहे. उरलेल्या ३० टक्क्यांत तडकलेले दाणे किती आणि बुरशीने मेलेले किती, एवढा फरक जरी कळला तरी मळणीयंत्राची गती कमी करायची की बुरशीनाशक लावायचे, हे ठरवता येईल. मळणीचे मिनिटाला ३५० ते ४०० फेरे आणि दाण्यातील योग्य ओलावा, ही आपली शिफारस मी रोगनियंत्रणाचीच शिफारस मानतो, कारण पातळ टरफलाला पडलेली प्रत्येक चीर म्हणजे बुरशीसाठी उघडलेले दार असते. ती शिफारस बीजोत्पादकांच्या करारात यावी.

औषध लावून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पिशवीवर, त्या औषधावर कोणते जैविक घटक लावता येतात, किती वेळाने, आणि कोणते लावू नयेत, हे मराठीत छापणे बंधनकारक करावे, आणि ही माहिती काचेच्या बशीतल्या प्रयोगावरून न देता प्रत्यक्ष दाण्यावर जिवंत घटक मोजून द्यावी. विद्यापीठांच्या विभागांनी आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे काम विषय म्हणून द्यावे. दोन-तीन हंगामांत राज्यात वापरात असलेल्या बहुतेक औषधांचा आणि संवर्धकांचा तक्ता तयार होऊ शकेल. शिवाय ज्या शेतांत वर्षानुवर्षे घरचेच बियाणे पेरले जाते आणि तरीही रोपमर कमी असते, अशा शेतांतल्या बियाण्यांवरचे सूक्ष्मजीव वेगळे करून जतन करावेत. कृषी उपयोगी सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय ब्युरो उत्तर प्रदेशात मऊ येथे आहे, तेथे ते ठेवता येतील. आपण वाण जतन करतो तेव्हा दाणे धुऊन, वाळवून, औषध लावून ठेवतो. त्या वाणासोबत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले सोबती त्यात किती वाचतात, याचाही त्याच वेळी विचार व्हावा.

आणि पहिली विनंती गोणपाटाची. प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीत कोंबांच्या आकड्यापुढे एक रकाना वाढवावा : न उगवलेल्या दाण्यांपैकी किती बुरशीने भरलेले, किती चिकट कुजलेले, किती नुसते टणक राहिलेले. शेतकऱ्याला बुरशीचे नाव ओळखता येणार नाही, मलाही गोणपाटावर ते खात्रीने सांगता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. रंग लिहावा, संख्या लिहावी, मोबाइलवर छायाचित्र काढावे आणि संशयास्पद दाणे कागदी पाकिटात घालून तालुक्याच्या ठिकाणी द्यावेत. शेतकऱ्याला हे झेपणार नाही, असे मला काही बैठकांत ऐकवले गेले आहे. १०० दाणे ओळीने मांडून आठवडाभर त्यांवर पाणी शिंपडणारा माणूस आणखी तीन आकडे लिहू शकतो. आमच्या गावच्या बचत गटातल्या महिलांनी मागच्या मे महिन्यात ते लिहून दाखवले आहेत, आणि त्यांतल्या एकीने न सांगता चौथा आकडाही लिहिला होता : बुरशी असूनही उगवलेले दाणे किती. त्या दाण्यांवर कोण कोणाला अडवून बसले होते, हे मला जाणून घ्यायचे आहे, आणि त्यासाठी मला आपल्या प्रयोगशाळेची गरज आहे.

त्या नोंदींच्या प्रती, पाकिटातले दाणे आणि माझ्या जवळच्या जुन्या टिपकागद चाचण्यांच्या वह्या मी आपल्यापैकी जो विभाग मागेल त्याला विनामोबदला देईन. येत्या मे महिन्यात आमच्या गावी प्रात्यक्षिक होईल तेव्हा रकाने आखलेला कागद तयार असेल. आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना तो वापरण्याची परवानगी त्याआधी मिळावी.

आपला नम्र,
वनस्पती रोगशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक आणि सोयाबीन उत्पादक,
जिल्हा हिंगोली